इस्त्रीच्या मागे दाबणारी

"एकच रंग हाय," देवजी म्हणाला.

आम्ही तिघं त्या हॉलमध्ये उभे होतो आणि समोर गालिचा ढळढळीत दोन रंगांचा दिसत होता. खिडकीकडचा अर्धा गडद हिरवा, दाराकडचा अर्धा धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा, आणि मधून सरळ रेघ. माझ्या बालवाडीतलं शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवून म्हणालं असतं, बाई, हे दोन आहेत. आणि माझा भाऊ, ज्याचं अर्धं आयुष्य गालिचे अंथरण्यात गेलं, तो मान ताठ करून एकच रंग म्हणत होता.

कमळाकरनं माझ्याकडे बघितलं. "ऐकलास ना, सगुणाबाय? कालपासून हेच चालू हाय."

कमळाकर आमचा चुलत भाऊ. आमच्यासारख्याच त्याच्याही खाडीकाठच्या जमिनी नव्या शहरात गेल्या. आमच्या घरात त्या पैशाचं काय झालं ते विचारू नका. त्याच्या घरात जीप आली, तो कंत्राटदार झाला. बेलापूरला नवनव्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांतल्या कचेऱ्या आतून सजवून द्यायचं काम तो घ्यायचा. हा हॉल एका जहाज कंपनीचा. न्हावा शेव्याला बंदर उभं राहत होतं, म्हणून कंपनीनं इथं कचेरी घेतलेली. सोमवारी त्यांचे मोठे साहेब येणार होते.

सकाळीच तो आमच्या दारात आला होता. "बाय, चल माझ्यासंगती. तुझा ऐकंल तो, दुसऱ्या कोनाचा नाय." मी म्हटलं, अरे, सखूचं बारावं होऊन चार दिवस नाही झाले, त्याला जरा दम खाऊ दे. तर म्हणाला, दम खायला मीच सांगत होतो, तोच आपण होऊन कामावर आला. आल्यावर काय केलं? त्या गालिच्यावर मांडी ठोकून बसला. हात लावू देत नाही.

सखू म्हणजे देवजीची बायको, माझी भावजय. याच हॉलमध्ये पडली ती. काम संपलं, भिंतीपाशी आडवी झाली ती उठलीच नाही. कमळाकरनं जीपमध्ये घालून पनवेलकडं पळवली, पण खांदेश्वराच्या देवळाच्या अलीकडंच खेळ आटोपला. छातीत कळ आली म्हणाले. चाळिशीची बाई! मी तिच्याहून एवढी मोठी, गुडघ्यांनी अधू, मी बसलेय इथं जिवंत, आणि ती गेली. याला काय म्हणायचं?

आमचं दोघींचं एक दिवस पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नवरा गेल्यावर मी माहेरी आले तेव्हापासून कालवणात मीठ कमी की जास्त यावरून आमची जुंपायची. सखू हसायची मोठ्यानं, बोलायची मोठ्यानं, आणि माझ्या बालवाडीतल्या भाषेची नक्कल करून आळी गोळा करायची. "आमच्या वन्सं म्हणतात, ‘पाणी’ म्हणा, बाळांनो!" मी चिडले की आणखीच हसायची. आता भांडायला कोणी नाही. दोन माणसांचा स्वयंपाक करते आणि मीठ घालताना दर वेळी हात थांबतो.

"देवजी," मी म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही. मला समजावून सांग, हे दोन रंग का दिसतात?"

"उजेडाचं हाय. खिडकी त्या बाजूला हाय ना."

"उजेडाचं नाय," कमळाकर म्हणाला. "लव उलटी बसलीय. बाय, याला लव असते. मांजराच्या पाठीसारखी. एका अंगानं हात फिरव, झोपते. दुसऱ्या अंगानं फिरव, उभी राहते. दोन तुकडे जोडायचे तर दोघांची लव एका बाजूला पायजे. नायतर हे असा होतं. यानंच मना शिकवलेला हाय हे, यानंच!"

खिडक्यांच्या काचांना तेव्हा रंगाऱ्यांनी वर्तमानपत्रं डकवलेली होती. बल्बच्या पिवळ्या उजेडात काम झालं, म्हणून कोणाला दिसलं नाही. काल कागद काढले, ऊन आत आलं आणि सगळं उघडं पडलं.

"एक तुकडा उचलायचा, फिरवायचा, परत जोडायचा," कमळाकर म्हणाला. "उद्यापरत होऊन जाईल. मी रागावलोय का? चुकतं मानसाचं. ह्याच्या घरात येवढं झालंय. पन हा कबूलच करत नाय."

"माझा सांधा बरोबर हाय," देवजी म्हणाला. "फाडून देनार नाय."

"मग मी मुंबईचा मानूस बोलावतंव. तो फाडंल."

"बोलाव. पयले मना फाडंल, मग गालिचा."

आणि तो खरंच त्या रेघेवर जाऊन बसला. पन्नाशीला आलेला बाप्या, रुसलेल्या पोरासारखा. मला एकदम राग आला. मनात म्हटलं, अरे मेल्या, बायको गेली, आता हातातलं कामही घालवतोस? या कामाशिवाय आहे काय तुझ्याजवळ? शेती गेली, मिठागर गेलं. मुंबईला एका बोहऱ्याच्या दुकानात गालिच्याच्या गुंडाळ्या खांद्यावर वाहता वाहता ही विद्या उचललीस, बोटीवरच्या एका खलाशाकडून ती परदेशी इस्त्री मिळवलीस, तेव्हा कुठं लोक नाव घेऊन बोलवायला लागले. कंपनीनं एकदा नाव काढून टाकलं की पुढं कोण विचारणार?

"कमळाकर, तू खाली जा," मी म्हटलं. "चहा सांग. तुझ्या त्या माणसाला फोन करू नको अजून."

तो जाता जाता दारात थांबला. "बाय, संध्याकाळपरत वाट बघतंव. नंतर माझ्या हातात काय नाय."

तो गेल्यावर मी चपला काढून गालिच्यावर बसले. बसणं म्हणजे माझ्या गुडघ्यांना मोठीच कसरत. मग त्या रेघेच्या अलीकडं हात फिरवला, मग पलीकडं. एकदा पालथा, एकदा उताणा. कळायचं ते मलाही कळलं. अलीकडं हात घसरत गेला, पलीकडं अडखळला.

"उलटी हाय, देवजी," मी म्हटलं. त्याच्याशी बोलताना माझीही जीभ घरची होते.

त्यानं झटकन माझ्याकडं बघितलं. "तू पन?"

"मी पन म्हंजे? अजून कोन बोलला? कमळाकर तर डोळ्यांनी बघून बोलतोय. हात फिरवून कोन बोलला?"

देवजीची नजर कोपऱ्याकडं गेली. खिडकीच्या कोपऱ्यात त्याचं सामान मांडलेलं होतं. ती इस्त्री, खालून सपाट आणि मागं उलथन्यासारखी पातळ. गोंदाच्या रेघा असलेली पट्टी, तिची गुंडाळी. गुडघ्यानं ढोसून गालिचा ताणायचं दातेरी यंत्र. आणि सखूचा ठोकळा. फणसाच्या लाकडाचा, वरून तिच्या हातानं काळा पडून तुळतुळीत झालेला.

तो ठोकळा कशाला असतो ते मला माहीत होतं, कारण ती रोज रात्री जेवताना सांगून सांगून कान किटवायची. दोन तुकडे कडेला कड लावून ठेवायचे. सांध्याच्या खाली पट्टी सरकवायची. मग तापलेली इस्त्री त्या फटीतून आत घालून पट्टीवरून हळूहळू ओढत न्यायची. गोंद वितळतो. इस्त्री पुढं गेली की लगेच, गोंद गरम आहे तोवर, मागच्यानं दोन्ही कडा जुळवून ठोकळ्यानं दाबायच्या. देवजी पुढं इस्त्री घेऊन, सखू मागं ठोकळा घेऊन, दोघं रांगत रांगत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. "तुमचा भाव मागं वळून बगत नाय, वन्सं," ती म्हणायची. "लग्नाच्या सप्तपदीतसुद्धा बगला नव्हता." कारण इस्त्री थांबवायची नसते. तिचं आच कमी करायचं बटण केव्हाच मोडलं होतं. थांबली की गालिचा जळला.

"सखू बोलली का?" मी विचारलं.

"हां."

"कवा? जोडल्यावर?"

"जोडायच्या आदी." त्याचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढं सरकावं लागलं. "तुकडा ठेवला, तिना हात फिरवला. ती नेमी फिरवायची. बोलली, अवो, लव उलटी वाटतेय. मी बोललो, तुला काय कळतं, तोंड बंद कर आन् पट्टी घाल. घाई होती ना. उजेड नव्हता. मना बरोबर वाटली."

"मग?"

"मग काय. गप बसली. घातली पट्टी."

एवढंच असेल असं मला वाटलं. नवरा बायकोवर खेकसतो, रोजच खेकसतो, बायको जाते आणि मग शेवटचा शब्द घशात अडकून बसतो. मी म्हणणार होते, अरे, ती माझ्याशी तर दिवसभर भांडायची, तिनं काय मनात धरलं असणार. पण देवजी बोलायचा थांबला नव्हता.

"इस्त्री निम्म्यावर होती. मागनं बोलली, अवो, जरा थांबा."

मी त्या ठोकळ्याकडं बघितलं.

"मी बोललो, थांबलो तं जळंल. दाब."

"तू मागं बघितलंस?"

"इस्त्री चालू होती, बाय."

"परत बोलली ती?"

"नाय." त्यानं दोन्ही हातांनी गालिचा घट्ट धरला होता. "ठोकळ्याचा आवाज येत होता मागनं. ठप, ठप. मना वाटला, हाय बरी. भिंतीपरत आवाज येत होता. येक डाव चुकली नाय. भिंतीला पोचलो, इस्त्री काढली, वळलो, तर ती आडवी. ठोकळा हातातच. वठ निळे."

खाली कुठंतरी सुतार ठोकत होते. मला वाटलं, जाऊन त्यांना आधी ते बंद करायला सांगावं.

"इस्त्री बाहेर काढली असती तर काय झाला असता?" मी विचारलं.

"काय नाय. हातभर पट्टी वाया गेली असती. परत लावायची."

"हातभर पट्टी."

"बोटीवरची पट्टी, बाय. हितं मिळत नाय."

मी खोटं बोलत नाही. त्या क्षणी मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. हात उचललाही होता. लहानपणी आई मिठागरावर जायची तेव्हा याला कडेवर घेऊन मी वाढवलं, याची नाकं पुसली, आणि हातभर पट्टीसाठी यानं मागं बघितलं नाही! सखूनं त्याच्या मागं गुडघ्यांवर रांगत, छातीत कळा येत असताना, ठप ठप करत पार ती भिंत गाठली. का? तर हा म्हणाला, दाब. अगं, फेकायचा होतास तो ठोकळा त्याच्या डोक्यात! माझ्याशी मिठावरून आळी डोक्यावर घ्यायचीस, आणि इथं एकदा सांगून गप्प बसलीस?

रडू आलं ते असं रागाचं आलं. मी पदरानं तोंड झाकून घेतलं आणि तो बसला होता तसाच बसून राहिला.

"आता कळला तुला," थोड्या वेळानं तो म्हणाला. "सांधा बरोबर असला तर येवढा तरी बोलता येल, काम पुरा करून गेली. बेलापुरात तिच्या हातचा सांधा हाय. आन् उलटा असला तर? तर मी कशापायी दाबायला लावला तिला? फाडून टाकायच्या कामापायी? मारली मी तिला, आन् तीबी फुकट मारली?"

तू नाही मारलीस, असं मी म्हणाले नाही. गाव म्हणतं तसं, तिची वेळ आली होती, असंही म्हणाले नाही. जे खरं वाटत नाही ते मला पोरांनासुद्धा शिकवता येत नाही.

"ती बोलली होती उलटी हाय म्हणून," मी म्हटलं. "आता तू बरोबर म्हनलास तर तिला परत येकदा खोटी पाडतोस. तिला कळलं होतं, देवजी. तुझ्याआधी कळलं होतं. एवढं तरी तिचं राहू दे."

त्यानं गालिचा धरलेली मूठ सोडली. मग पालथा पंजा रेघेच्या अलीकडं फिरवला, पलीकडं फिरवला. परत फिरवला. खांदे हलायला लागले तसं मी तोंड दुसरीकडं केलं.

कमळाकर चहा घेऊन आला तेव्हा देवजी उभा होता. "लव उलटी हाय," तो म्हणाला. "तिना सांगितला होता. मी ऐकला नाय."

कमळाकरला पुढचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं देवजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "होतं रे. चहा घे."

सांधा उघडायला वरून ओलं फडकं टाकून साधी इस्त्री फिरवावी लागते. वाफेनं गोंद सैल होतो, मग कड धरून ओढायची. देवजीनं पहिल्या वेळी जिथून इस्त्री लावली होती त्याच भिंतीपासून सुरुवात केली. सुरुवातीला कड चरचर आवाज करत सहज सुटत गेली. मी पलीकडचा तुकडा धरून मागं खेचत होते. हॉलच्या मधोमध आल्यावर मात्र ती सुटेना. त्यानं पुन्हा फडकं भिजवलं, पुन्हा इस्त्री फिरवली, पाय लावून ओढलं. तसूतसूनं सुटत होती, तीही पट्टीचे दोरे घेऊन.

"हितना पुडं घट्ट हाय," तो म्हणाला.

कुठून पुढं, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. दाब म्हटल्यावर तिनं सगळा भार त्या ठोकळ्यावर टाकला असणार. पुढचा सगळा सांधा त्यानं गुडघ्यावर बसून, सुरी लावून लावून उघडला. बोटं दोन ठिकाणी कापली. मी चिंधी पुढं केली तर मान हलवली.

तुकडा फिरवून कडेला कड लावली तेव्हा सगळा गालिचा एका रंगाचा झाला. नवी पट्टी खाली सरकवली. देवजीनं इस्त्रीची पिन लावली आणि दाराकडं बघितलं, कमळाकरचा एखादा माणूस येतोय का.

"कोनाला बघतोस? मी दाबते," मी म्हटलं.

"तुझे गुडघे, बाय."

"माझे गुडघे माझ्यापाशी. सांग कसं धरायचं."

त्यानं सखूचा ठोकळा माझ्या हातात दिला. कडा बोटांनी जवळ आणायच्या, लव आत अडकली तर काढायची, मग सरळ वरून दाबायचं, घासायचं नाही. एवढं सांगून तो वळला. इस्त्री आत गेली. रबर आणि गोंदाचा तो वास आला, जो सखूच्या लुगड्यांना कायम यायचा. धुऊनही जायचा नाही, आणि मी नाक मुरडायची.

आम्ही रांगायला लागलो. त्याची पाठ माझ्यापुढं, घामानं भिजलेली. ठप, ठप. मला वाटलं होतं त्यापेक्षा कठीण होतं ते काम. इस्त्री पुढं पळते, गोंद थंड होतो, कडा निसटतात, आणि वाफ थेट तोंडावर. वाक्यभर बोलायलासुद्धा श्वास उरत नाही. या अशा अवस्थेत ‘अवो, जरा थांबा’ म्हणायला तिला केवढी ताकद लागली असेल ते मला तिथं कळलं. आणि मी मनाशी पक्कं केलं, जीव गेला तरी आपण तो शब्द उच्चारायचा नाही. या माणसाच्या कानावर मागून तो शब्द पुन्हा घालायचा नाही.

निम्मं अंतर पार पडलं. देवजीची मान ताठ होती, तो काहीतरी ऐकत होता. मी जाणून ठोकळा जोरात आपटत होते, त्याला ऐकू यावं म्हणून.

भिंत हाताच्या अंतरावर आली आणि माझ्या उजव्या गुडघ्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं. तोंडातून निघून गेलं, "देवजी, थांब रे!"

तो थांबला.

थांबला म्हणजे कसा, इस्त्री होती तिथं सोडून अख्खा वळला. त्याचा चेहरा मी लहानपणापासून बघितलेला, पण तसा कधी बघितला नव्हता. त्यानं माझं मनगट धरलं. "काय होतंय? छातीत होतंय?"

"नाय रे. गुडघा. गुडघा धरलाय नुसता."

"खरा बोल, बाय."

"खरंच गुडघा. देवजी, इस्त्री! धूर येतोय बघ."

त्याच्या पाठीमागं गालिच्यातून धुराची बारीक रेघ वर येत होती. हिरवी लव आकसून काळी पडायला लागली होती. दारातून कमळाकर ओरडला, "आरं, जळतंय! देवजी, जळतंय!" आणि धावत येऊन त्यानं भिंतीतली पिन उपटली.

देवजीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. "पानी आन," तो कमळाकरला म्हणाला.

"आरं, सोमवारी साहेब..."

"पानी आन बायला."

कमळाकरनं पाण्याचा तांब्या आणून दिला. मला तहान नव्हती. गुडघ्यातली कळही ओसरली होती. पण देवजी माझ्याकडं तोंड करून बसला होता, मनगट सोडत नव्हता, म्हणून मी तांब्या तोंडाला लावला आणि घोट घोट करून सगळा संपवला. तोवर तो हलला नाही.